आधी प्रतल, मग वर्तुळ

येडगाव धरणाच्या परिसरातून नारायणगावकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोल आकार दिसत राहतात. द्राक्षबागेच्या कोपऱ्यातल्या विहिरीचं तोंड गोल, पॉलिहाऊसच्या कमानी गोलाईच्या, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या गोल. पुढे खोडदच्या बाजूला आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या प्रचंड जाळीदार तबकड्याही गोल. पण या सगळ्यांची गोलाई वेगवेगळ्या पातळीत आहे. विहिरीचं वर्तुळ आडवं पडलेलं आहे, कमानीचं उभं आहे आणि तबकडीचं तिरपं. शिवाय त्या तबकडीचा तिरपेपणा दिवसभर बदलत असतो.

हे आकार संगणकाच्या पडद्यावर उभे करायला शिकणारी मुलं आता या भागात पुष्कळ आहेत. कुणी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल करतं, कुणी डिप्लोमाला असतं, कुणी घरं सजवण्याच्या कामासाठी घरीच बसून स्केचअप हा घनाकृती काढायचा प्रोग्राम शिकतं. मी त्यांना शिकवायला बसतो तेव्हा सुरुवातीलाच एक प्रश्न हमखास येतो.

"सर, वर्तुळ तर बरोबर दिसतंय. मग त्याचा गोल का होईना?"

"मॉडेल जरा फिरवून बघ."

फिरवलं की उलगडा होतो. उभं काढलंय असं वाटलेलं वर्तुळ प्रत्यक्षात जमिनीवर आडवं पडलेलं असतं, नाहीतर खोलीच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटलेलं असतं. एका बाजूने पाहिलं तर चित्र निर्दोष, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर सगळंच चुकलेलं. वर्तुळ कुठल्या प्रतलात काढायचं हे न ठरवताच माऊस दाबला गेला, एवढीच ती चूक. ती लहान आहे असं मला अजिबात वाटत नाही. घनाकृतींचं अख्खं शास्त्र या एका निर्णयावर उभं आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या मातीत हा निर्णय अचूक घेतल्याच्या फार मोठ्या खुणा आहेत. म्हणूनच हा विषय मला सॉफ्टवेअरच्या एखाद्या धड्यापुरता ठेवावासा वाटत नाही.

पडदा सपाट असतो. त्यावर माऊसचं टोक एक ठिकाण दाखवतं, पण त्या ठिकाणाच्या मागे खोलवर जाणारी संपूर्ण रेषा आपल्याला तिथेच, एका बिंदूत दिसत असते. त्या रेषेवरचा नेमका कुठला बिंदू हवा आहे, हे आपण सांगितलं नाही तर संगणक अंदाज बांधतो. स्केचअपमध्ये तो अंदाज आपण कुठून पाहतोय यावरून ठरतो. वरून पाहत असलो तर तो वर्तुळ जमिनीवर टाकतो, अगदी समोरून पाहत असलो तर उभ्या प्रतलात. कर्सर एखाद्या भिंतीवर किंवा छपराच्या उतारावर असेल तर तेच पृष्ठ धरतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो आणि त्यामुळेच शिकणाऱ्याची सवय बिघडते.

या प्रोग्राममध्ये तीन अक्षांना तीन रंग आहेत. पूर्व-पश्चिम लाल, दक्षिण-उत्तर हिरवा, वर-खाली निळा. सर्कल टूल घेतलं की कर्सरजवळ एक छोटं वर्तुळ दिसतं आणि त्याचा रंग बोलका असतो. निळं दिसलं तर वर्तुळ निळ्या अक्षाला लंब आहे, म्हणजे जमिनीवर आडवं. लाल किंवा हिरवं दिसलं तर ते उभं आहे. आपण केंद्राचा बिंदू दाबण्याआधी कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला तर प्रतल निळ्या अक्षाला लंब राहतं, उजवा बाण दाबला तर लाल अक्षाला, डावा दाबला तर हिरव्या अक्षाला. मग कुठूनही पाहा, ते हलत नाही. तिरप्या छपरावर वर्तुळ हवं असेल तर कर्सर त्या उतारावर नेऊन शिफ्ट दाबून धरायची. तो उतार पकडून ठेवला जातो आणि केंद्र दुसरीकडे नेता येतं.

इतर प्रोग्रामनी हाच प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. ऑटोकॅडमध्ये वर्तुळ नेहमी चालू असलेल्या यूसीएसच्या, म्हणजे आपण ठरवलेल्या अक्षव्यवस्थेच्या, पायाप्रतलात येतं; उभं वर्तुळ हवं तर आधी तो यूसीएसच उभा करावा लागतो. फ्रीकॅडमध्ये नवं स्केच सुरू करताना तीनपैकी कुठलं प्रतल ते आधी निवडावं लागतं, त्याशिवाय काम पुढे सरकत नाही. नवशिक्याला हे जाचक वाटतं. मला मात्र फ्रीकॅडची ही शिस्त आवडते, कारण विचार कुठून सुरू करायचा ते ती शिकवते. स्केचअप २००० साली अमेरिकेतल्या बोल्डरच्या अ‍ॅट लास्ट सॉफ्टवेअर कंपनीने आणलं, २००६ साली ते गूगलकडे गेलं आणि २०१२ साली ट्रिम्बलकडे. हाताने रेखाटन करावं इतक्या सहजतेने घन आकार काढता यावेत ही त्यामागची कल्पना होती. ती सहजता खरी आहे. ती मिळते ती प्रोग्रामने आपल्या वतीने प्रतल ओळखल्यामुळे.

आता गोल. स्केचअपमध्ये गोल काढायचं स्वतंत्र साधन नाही आणि ही उणीव मला वरदान वाटते. गोल काढायला दोन वर्तुळं लागतात, दोघांचं केंद्र एकच, दोघांची प्रतलं एकमेकांना लंब. आधी वरचा बाण दाबून जमिनीवर एक वर्तुळ काढायचं. मग त्याच केंद्रावर, उजवा किंवा डावा बाण दाबून, दुसरं उभं काढायचं. आडव्या वर्तुळाची कड निवडायची, फॉलो मी हे टूल घ्यायचं आणि उभ्या वर्तुळाच्या पृष्ठावर क्लिक करायचं. उभं वर्तुळ आडव्याच्या वाटेने एक फेरी मारतं आणि मागे गोल उरतो. वाटेचं आडवं वर्तुळ लहान-मोठं असलं तरी चालतं, शेवटी ते पुसायचंच असतं. केंद्र मात्र हलून चालत नाही. ते बाजूला सरकलं की ध्रुवाशी खळगा पडतो आणि आत नको असलेलं एक पृष्ठ शिल्लक राहतं. जास्तच सरकलं तर मधोमध आरपार भोकच पडतं. आणि दोन्ही वर्तुळं एकाच प्रतलात असतील तर गोल होतच नाही, सपाटीवरची गिचमीड हाती येते.

दोन गोष्टी मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. त्रिज्या ओढताना ती अक्षाच्याच दिशेने ओढावी, कारण वर्तुळाचा पहिला कोपरा तिथे पडतो. मग गोलाच्या ध्रुवावर नेमका कोपरा येतो आणि अर्धा गोल कापताना काप स्वच्छ बसतो. दुसरं म्हणजे मिलिमीटरच्या आसपासच्या कडांची पृष्ठं या प्रोग्रामला नीट भरता येत नाहीत, म्हणून मणी किंवा मोती काढायचा असेल तर तो शंभरपट मोठा काढून मग लहान करावा.

"कोपरा" हा शब्द वाचून कुणी थबकलं असेल, कारण वर्तुळाला कोपरा नसतो. पण स्केचअपमधलं वर्तुळ हे वर्तुळ नसून बहुभुज आहे. काही सांगितलं नाही तर त्याला २४ बाजू असतात. कोपऱ्यापाशी त्रिज्या पूर्ण असते, बाजूच्या मध्यापाशी ती ०.८६ टक्क्यांनी कमी पडते आणि क्षेत्रफळ खऱ्या वर्तुळापेक्षा १.१४ टक्क्यांनी कमी येतं. बाजूंची संख्या वाढवता येते. टूल घेतल्यावर ९६ टाइप केलं की ९६ बाजू. पण २४ बाजूंच्या वर्तुळांपासून केलेल्या गोलाला २८८ पृष्ठं असतात, तर ९६ बाजूंच्या गोलाला ४,६०८. घराच्या आराखड्यात अशा गोलांचे कठडे लावले की संगणक अडखळू लागतो. म्हणजे गोल काढताना प्रश्न दोन आहेत. तो कुठल्या प्रतलांतून काढायचा, आणि खऱ्या गोलाईच्या किती जवळ जायचं?

या ९६ आकड्याचं मला फार अप्रूप आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० साली पूर्ण झाला, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. गोलाचं पृष्ठफळ त्याच्या मधोमधच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असतं, हा नियम त्यांनी 'लीलावती'त दिला. तो का खरा आहे हे त्यांनी 'गोलाध्याया'वरच्या स्वतःच्या टीकेत समजावलं. तिथे त्यांनी गोलाचे ध्रुवापासून ध्रुवापर्यंत उभे काप केले. परिघाचे भाग धरले ९६, कारण वर्तुळाच्या चतुर्थांशाला २४ ज्या (साइन) हे कोष्टक ज्योतिषगणितात रूढ होतं. मग एका कापाच्या आडव्या पट्ट्या पाडून त्यांची बेरीज केली. ९६ उभे काप आणि ध्रुवापासून ध्रुवापर्यंत ४८ पट्ट्या, म्हणजे पूर्ण गोलाचे ४,६०८ तुकडे. स्केचअपमध्ये ९६ बाजूंचा गोल काढा, 'हिडन जिऑमेट्री' चालू करा, पडद्यावर तोच जाळीदार गोल उभा राहतो. दहावीला महत्त्वमापनात गोलाच्या पृष्ठफळाचं सूत्र पाठ करणाऱ्या मुलांना हा गोल फिरवून दाखवावा. सूत्र तयार कसं झालं ते त्यांना हाताने मोजता येईल.

आपल्याकडे मुलांना याची पूर्वतयारी नसते असं नाही. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला भूमिती असते, आणि डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग. आयसोमेट्रिक दृश्यात घनाच्या तिन्ही बाजूंवर वर्तुळ काढायला सांगतात आणि मुलं चार केंद्रांची रीत वापरून तीन लंबवर्तुळं काढतात. तिन्ही एकाच आकाराची, पण प्रत्येकाचा कल वेगळा. कल चुकला की वर्तुळ त्या बाजूवर टेकलेलं दिसत नाही. टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअर घेऊन हे तासन्‌तास केलेल्या मुलाला पडद्यावरचं प्रतल पटकन दिसतं. हाताचं ड्रॉइंग अभ्यासक्रमातून पातळ होत चाललंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विहीर खणणाऱ्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं. मधोमध पहार रोवून दोरीने वर्तुळ आखलं की जमिनीवरचं काम झालं; खरी परीक्षा खाली जाताना असते. दहा परस खाली गेल्यावरही घेर तोच राहायला हवा आणि केंद्र वरच्या केंद्राच्या थेट खाली यायला हवं. पहार तर खणतानाच निघालेली असते. मग तोंडावर आडवी दोरी ताणून मध्यावरून ओळंबा सोडायचा आणि त्याच्यापासून चहूकडे माप घ्यायचं. आडवं प्रतल जमिनीने दिलं, उभी दिशा ओळंब्याने. स्केचअपचा निळा अक्ष म्हणजे हा ओळंबाच.

हाच प्रश्न जुन्नरच्या पश्चिमेला, पाडळीजवळच्या तुळजा लेण्यांत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सोडवला गेला आणि तोही कठीण खडकात. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा अशा गटांत मिळून इतकी लेणी आहेत की दोन दिवसांत पाहून होत नाहीत. त्यांतली बहुतेक चैत्यगृहं लांबट आहेत. काही मागे अर्धगोल आणि वर गजपृष्ठाकार छताची, काही सपाट छताची. तुळज्याचं चैत्यगृह मात्र पूर्ण वर्तुळाकार आहे. दालनाचा व्यास सुमारे २५ फूट. मध्ये स्तूप, त्याच्याभोवती वर्तुळात १२ साधे अष्टकोनी खांब, खांबांच्या आत स्तूपावर घुमट आणि खांबांच्या बाहेर प्रदक्षिणेच्या वाटेवर अर्ध्या कमानीचं छत. भारतभरच्या शैलगृहांमध्ये अशी वर्तुळाकार योजना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. जुन्नरला येणारे लोक लेण्याद्रीला गणपतीचं दर्शन घेतात, शिवनेरी चढतात आणि परत जातात. या लेण्याची वाट तुडवणारे थोडे.

इथे उभं राहून वर पाहिलं की पहिला विचार येतो तो कामाच्या क्रमाचा. बांधकामात घुमट शेवटी येतो. खडकात कोरताना छत आधी आणि जमीन शेवटी, म्हणजे कारागिराने सर्वांत आधी घुमटाची आतली बाजू कोरली असणार, तेव्हा खाली ना खांब होते ना स्तूप. ज्या आडव्या वर्तुळावर १२ खांब उभे राहायचे ते त्या वेळी भरीव खडकाच्या आत होतं. तरीही घुमटाचं केंद्र, खांबांच्या वर्तुळाचं केंद्र आणि स्तूपाचा अक्ष एका रेषेत यायला हवे होते. खडक एकदा उडाला की परत लावता येत नाही, म्हणून घाव घालण्याआधी प्रतल ठरलेलं असणं भाग होतं.

हे लेणं स्केचअपमध्ये उभं करणं हा माझ्या मते या विषयातला सर्वांत चांगला सराव आहे. आधी जमिनीवर एकाच केंद्राची तीन वर्तुळं: स्तूपाच्या पायाचं, खांबांचं, भिंतीचं. मग पॉलिगॉन टूलने आठ बाजूंचा एक खांब, ११ फुटांच्या आसपास उंच. तो रोटेट टूलने केंद्राभोवती ३० अंशांत नकलून पुढे ११ आणि एक्स टाइप केलं की बाराही उभे राहतात. रोटेट टूललाही प्रतल असतं आणि त्याचा कोनमापक निळा हवा. तो लाल किंवा हिरवा असताना नक्कल केली तर खांब जमिनीवर उभे राहायचे सोडून रहाटगाडग्याच्या घड्यांसारखे वर चढून डोक्यावरून पलीकडे उतरतात. घुमटासाठी उभ्या प्रतलात एक कंस काढून आतल्या वर्तुळाभोवती फिरवायचा. प्रदक्षिणेच्या छतासाठी दुसरा, अर्ध्या कमानीचा कंस बाहेरच्या वाटेने फिरवायचा. तीन आडवी वर्तुळं आणि दोन उभे कंस यांतून सगळं दालन तयार होतं. ज्याने कधी तुळजा पाहिलं नाही अशा मुलाने हे मॉडेल करून मग तिथे जावं, असं मला वाटतं. त्या छताखाली तो जे पाहील ते निव्वळ पर्यटकाला दिसणार नाही.

तुळज्याहून खोडदला यायचं म्हणजे तालुका आडवा ओलांडायचा. तबकड्यांची या तालुक्याला जुनी ओळख आहे. आर्वीचं विक्रम भू-उपग्रह केंद्र इथलंच. पण खोडदच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपचं, म्हणजे जीएमआरटीचं, प्रमाणच निराळं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९०च्या दशकात उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ खोडदला साधारण एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि उरलेल्या १६ वाय अक्षराच्या तीन बाहूंवर दूरवर पसरल्या आहेत, सगळ्या मिळून २५ किलोमीटरच्या विस्तारात.

ही तबकडी गोलाचा तुकडा नाही, ती अन्वस्ताची आहे. फरक आकड्यांत पाहण्याजोगा आहे. तबकडीचं नाभीय अंतर १८.५४ मीटर, त्रिज्या २२.५ मीटर, म्हणून तिची खोली ६.८३ मीटर येते. तळाशी याच तबकडीला जुळणारा गोल घेतला तर त्याची त्रिज्या ३७.०८ मीटर होईल आणि काठाशी त्याची खोली ७.६१ मीटर भरेल. मध्याजवळ दोन्ही पृष्ठं एकमेकांत मिसळलेली, काठाशी मात्र ७८ सेंटिमीटरचं अंतर. हायड्रोजनचे रेडिओतरंग २१ सेंटिमीटरचे असतात, त्यांना हे अंतर परवडणार नाही. काठावरून आलेले तरंग नाभीपाशी वेळेवर पोहोचणारच नाहीत. प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबोची ३०५ मीटरची तबकडी मात्र गोलाचाच भाग होती, २०२० साली ती कोसळेपर्यंत. ती जमिनीतल्या खळग्यात बसवलेली, वळवता न येणारी. गोलाला स्वतःची अशी कुठलीच खास दिशा नसते, म्हणून वरचं ग्राहक उपकरण हलवून वेगवेगळ्या दिशांना पाहता येत होतं. गोलाईमुळे येणारी विस्कळीत नाभी ग्राहक उपकरणातच दुरुस्त केली जाई. जीएमआरटीची तबकडी स्वतः वळते, म्हणून तिला अन्वस्त घेता आला.

स्केचअपमध्ये अन्वस्ताचं टूल नाही. उभ्या प्रतलात बिंदू मांडावे लागतात: केंद्रापासून ५ मीटरवर उंची ०.३४ मीटर, १० वर १.३५, १५ वर ३.०३, २० वर ५.३९ आणि काठाशी ६.८३. हे जोडून ती वक्ररेषा आडव्या वर्तुळाभोवती फिरवली की तबकडी झाली. इथे बाजूंच्या संख्येचा प्रश्न परत येतो. वाटेच्या वर्तुळाला २४ बाजू ठेवल्या तर काठाशी दोन कोपऱ्यांच्या मधोमध त्रिज्येत १९ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे पृष्ठ आपल्या जागेपासून उभ्या दिशेने सुमारे १२ सेंटिमीटर ढळतं. अशा तबकडीत पृष्ठाची चूक तरंगलांबीच्या विसाव्या भागाच्या आसपास असावी असा ढोबळ संकेत आहे. २१ सेंटिमीटरसाठी ती एक सेंटिमीटर झाली. ९६ बाजू घेतल्या की ढळणं ७ मिलिमीटरवर येतं आणि तबकडी चालण्याजोगी होते. दोन मीटरच्या तरंगांसाठी तर चोवीसचीही जवळजवळ चालली असती.

आणि खरी तबकडीसुद्धा गुळगुळीत नाही. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र्याचा वक्र वाडगा केला नाही. मध्यवर्ती भागातून निघणाऱ्या १६ अन्वस्ताकार पोलादी चौकटी उभारल्या, त्यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलच्या तारदोरांचं जाळं ताणलं आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी बांधली. जाळीची भोकं मध्यभागी १० मिलिमीटरची, पुढच्या पट्ट्यात १५ ची, काठाशी २० ची. वारा आरपार जातो, वजन कमी राहतं, खर्च आवाक्यात येतो, आणि इतकी मोठी तबकडी आपल्या देशात परवडते. ताणलेल्या जाळीची सपाट-सपाट पृष्ठं एकत्र येऊन अन्वस्ताचं काम करतात. गोलाई किती लागते हे त्यांनी तरंगांना विचारून ठरवलं. नवशिक्या मुलाला बहुभुजी वर्तुळ म्हणजे प्रोग्रामची लबाडी वाटते तेव्हा मी त्याला खोडदची जाळी दाखवतो. दर वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, इथे विज्ञान प्रदर्शन भरतं. तेव्हा जाऊन ती जवळून पाहता येते. फक्त मोबाईल बंद ठेवावा लागतो.

तबकडी वळते कशी ते पाहिलं की गोल काढायची रीत पुन्हा समोर येते. एक फिरणं आडव्या प्रतलात, क्षितिजाच्या बाजूने. दुसरं उभ्या प्रतलात, क्षितिजाकडून माथ्याकडे. या दोन हालचालींनी, क्षितिजालगतचा खालचा पट्टा सोडला तर, अख्खं आकाश हाताशी येतं. दोन लंब प्रतलांतली दोन वर्तुळं, त्यांच्यातून आकाशाचा गोल. मॉडेलमध्ये हे दाखवायचं तर तबकडीचा एक ग्रुप करून तो तिला पेलणाऱ्या पाळण्याच्या ग्रुपमध्ये ठेवायचा: उंचीचं फिरणं आतल्या ग्रुपला, दिशेचं बाहेरच्याला. उलट केलं तर तबकडी आपल्या आसावरून निसटते.

खोडदच्या आधी स्वरूप यांनी उटीला दुर्बीण केली होती, १९७० साली पूर्ण झालेली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. तिच्यासाठी त्यांनी असा डोंगर शोधला ज्याचा उतार उत्तर-दक्षिण आहे आणि कोन सुमारे ११ अंश, म्हणजे तिथल्या अक्षांशाइतका. त्या उतारावर आडवी ठेवलेली दुर्बीण आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाली. मग एकाच आसावर फिरवून आकाशातला स्रोत तासन्‌तास धरून ठेवता येतो. जमीन सपाट करून त्यावर अवघड यंत्र उभं करण्यापेक्षा त्यांनी प्रतलच योग्य निवडलं. भारतीय विज्ञानातला याहून देखणा निर्णय मला ठाऊक नाही.

येडगावात तसा डोंगर शोधायची गरज नाही, तिथे शाळेच्या अंगणात मावेल एवढी वस्तू करता येते: विषुववृत्तीय सूर्यघड्याळ. इथला अक्षांश १९ अंशांच्या जरा पुढे. स्केचअपमध्ये डावा बाण दाबून हिरव्या अक्षाला लंब असं उभं वर्तुळ काढा, मीटरभर त्रिज्येचं. त्याच्या केंद्रातून दोन्ही बाजूंना हिरव्या अक्षावर काठी काढा. आता दोन्ही एकत्र निवडून रोटेट टूलचा कोनमापक लाल प्रतलात लावा आणि काठीचं उत्तरेकडचं टोक १९ अंशांनी वर उचला. काठी ध्रुवताऱ्याकडे रोखली गेली, तबकडी जमिनीशी ७१ अंशांवर तिरपी झाली आणि विषुववृत्ताला समांतर आली. या वर्तुळाला २४ बाजूच ठेवा, वाढवू नका. प्रत्येक बाजू १५ अंशांची, आणि सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे प्रत्येक कोपरा एका तासाचा. सर्वांत खालचा कोपरा मध्यान्हीचा.

मॉडेलला जुन्नरचं स्थान द्या, शॅडोज चालू करा, वेळ यूटीसी अधिक साडेपाच ठेवा आणि तारखेचा दांडा पुढे-मागे सरकवा. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत काठीची सावली तबकडीच्या वरच्या, उत्तरेकडच्या बाजूवर पडते. दिवाळीच्या दिवसांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो, तेव्हा वरची बाजू दिवसभर अंधारात राहते आणि सावली खालच्या, दक्षिणेकडच्या बाजूवर येते. म्हणून तासांचे आकडे दोन्ही बाजूंना लिहावे लागतात: वरच्या बाजूला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, खालच्या बाजूला उलट दिशेने. स्केचअपमध्ये पृष्ठाची एक बाजू पांढरी आणि दुसरी निळसर करडी असते, त्यामुळे आकडे कुठल्या बाजूवर लिहितोय ते लगेच कळतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे घड्याळ हातातल्या घड्याळाच्या सुमारे १८ मिनिटं मागे चालेल. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून येडगाव साडेआठ अंश पश्चिमेला आहे, त्याची ३४ मिनिटं. त्यातून त्या दिवसांत सूर्य पुढे असतो ती १६ वजा. सुट्टीत करून पाहायला हरकत नाही. प्लायवूडची एक गोल फळी, एक सरळ सळई आणि कोनमापक एवढं सामान पुरतं.